माळावरची स्पॅनिश

कोल्हापूरहून हायवेनं कागलच्या दिशेनं निघालं की डाव्या अंगाला, कसबा सांगाव आणि तळंदग्याच्या माळावर, कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी पसरली आहे. ओतकामाचे कारखाने, मशीन शॉप, सुताच्या आणि कापडाच्या गिरण्या. तिथल्या शेड, ऑफिसं, कँटीन, वॉचमनच्या केबिनी आणि कामगारांच्या खोल्या यांची ड्रॉइंग करण्यात आर्किटेक्ट म्हणून माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्याच वर्षांत मी स्पॅनिश शिकले.

"बाहेर जायचं ठरवलंय का?" असं घरच्यांपासून ठेकेदारांपर्यंत सगळ्यांनी विचारलं. तसं काही नव्हतं. इथलं काम नीट करता यावं म्हणून मी शिकले, आणि त्या भाषेनं माझं काम खरोखर बदललं. आता कोल्हापूर-सांगलीकडची आर्किटेक्चरची मुलं-मुली विचारायला येतात : कुठली भाषा घेऊ, किती दिवस लागतील, नोकरी मिळेल का? त्यांच्याशी जे बोलते तेच इथं मांडते आहे.

१. क्लास लावा, पण आधी एक ड्रॉइंग घ्या

परदेशी माणूस या एमआयडीसीला नवा नाही. रेमंडनं इटलीच्या झांबाइतीबरोबर इथं शर्टिंगचा कारखाना उभा केला, तुर्कस्तानच्या सोक्तासनं इथं कापड विणलं, आणि सिनर्जी ग्रीनमध्ये पवनचक्क्यांना लागणारे अवाढव्य ओतीव भाग तयार होतात. माझी गाठ स्पेनशी पडली ती एका फाउंड्रीच्या वाढीव शेडमुळे. मालकांनी वाळूचे कोअर (ओतीव भागातली पोकळी घडवणारे गाभे) बनवणारं मशीन बास्क प्रदेशातून मागवलं होतं. स्पेनच्या उत्तरेचा हा भाग लोखंडाच्या खाणींचा, ओतकामाचा आणि मशीन टूल्सचा जुना मुलूख. कामगारांच्याच मालकीचा मोंद्रागोन हा सहकारी उद्योगसमूहही तिथलाच, १९५६ सालापासूनचा. वारणा आणि गोकुळसारख्या सहकारी संस्था बघत वाढलेल्या कोल्हापूरकराला त्या मुलखाबद्दल आपलेपणा वाटायला वेळ लागत नाही.

मशीनच्या आधी त्याचं फाउंडेशन ड्रॉइंग आलं. टिपा मूळ स्पॅनिशमध्ये होत्या आणि खाली कुणीतरी घाईनं केलेलं इंग्रजी होतं. त्यात पिटच्या तळाशी 'क्लीनिंग काँक्रीट' दहा सेंटिमीटर, असं लिहिलेलं. ठेकेदाराचा प्रश्न रास्त होता : "मॅडम, हे काँक्रीट धुवून घ्यायचं का?" मूळ टीप 'ओर्मिगोन दे लिंपिएसा' अशी होती. म्हणजे आपली पीसीसी, खोदाईच्या तळावर सळई ठेवण्याआधी टाकतो तो स्वच्छ थर. साइटवरच्या प्रत्येकाला रोज माहीत असलेली गोष्ट इंग्रजीच्या वळणावर हरवली होती.

ते ड्रॉइंग मी टेबलावर पसरलं आणि एकेक टीप लावत बसले. 'फोसो' म्हणजे पिट. 'आंक्लाखे' म्हणजे अँकर. 'मोर्तेरो सिन रेत्राक्सियोन' म्हणजे बोल्टच्या पॉकेटमध्ये भरायचं न आकसणारं ग्राउट. प्रत्येक शब्दाशेजारी त्याचं चित्र होतंच. सेक्शन मला वाचता येत होता, त्यामुळे निम्मा अर्थ आधीच हातात होता. आर्किटेक्टला हा मोठा फायदा आहे. व्याकरणाचं पुस्तक उघडण्याआधी त्याला दोन-तीनशे शब्द रेषांवरून कळू शकतात, आणि चित्रातून आलेला शब्द सहसा विसरत नाही.

म्हणून क्लास जरूर लावावा, पण पहिल्या आठवड्यातच एखाद्या स्पॅनिश प्रकल्पाचा प्लॅन, सेक्शन आणि एलिव्हेशन समोर ठेवावं. हॉटेलात जेवण मागवायचे संवाद पुढे येतातच.

२. आकडे आणि खुणा शब्दांइतक्याच महत्त्वाच्या

स्पेनमध्ये दशांशाच्या जागी स्वल्पविराम देतात आणि हजाराच्या जागी टिंब. ड्रॉइंगवर २,५० असं दिसलं की ते अडीच मीटर. १.२५० दिसलं की ते बाराशे पन्नास. आपला डोळा मात्र ते सव्वा वाचतो. दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच देशांत स्पेनसारखंच चालतं; मेक्सिकोत मात्र आपल्यासारखं दशांशाला टिंब. शिवाय आपण सगळं मिलिमीटरमध्ये काढतो, तर तिकडचे आर्किटेक्ट बिल्डिंगचे प्लॅन बहुधा मीटरमध्ये लिहितात. मशीनवाल्यांचं मिलिमीटर आणि इमारतवाल्यांचं मीटर एकाच शीटवर आलं की फिटर, सेंट्रिंगवाला आणि इंजिनिअर या तिघांना एकत्र बसवून आकडे मोठ्यानं वाचून घ्यावेत. मी आजही तसंच करते.

काँक्रीटच्या खुणा तर वाचायला शिकाव्यातच. जुन्या स्पॅनिश ड्रॉइंगवर 'एचए-२५/बी/२०/IIए' असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते उलगडलं की सगळं ओळखीचं निघतं : सळई घातलेलं काँक्रीट, ताकद २५ (पण ती सिलिंडरवर मोजलेली, आपल्या एम-२५ सारखी क्यूबवर नव्हे), ते मऊ असावं, खडी २० मिलिमीटरपर्यंत, आणि शेवटची खूण हवा-पाण्याशी येणाऱ्या संबंधाची. २०२१ साली स्पेननं नवी संहिता आणली आणि ही शेवटची खूण बदलली, म्हणून ड्रॉइंग कुठल्या सालातलं आहे तेही पाहायचं. 'बी ५०० एस' म्हणजे सळई, आपल्या एफई-५०० च्या बरोबरीची. एवढं एका संध्याकाळी शिकून होतं, आणि दुसऱ्या दिवशी साइटवर उपयोगी पडतं.

३. मराठीतून शिका, इंग्रजीच्या दारानं जाऊ नका

बहुतेक क्लासमध्ये स्पॅनिश इंग्रजीतून शिकवतात आणि आपली मुलं त्यामुळे उगीच अडखळतात. इंग्रजी माणसाला जे जड जातं ते आपल्याला जड नाही. स्पॅनिशमध्ये पाचच स्वर आहेत आणि ते लिहिल्याप्रमाणे वाचायचे. त आणि द आपल्यासारखेच दाताला जीभ लावून. तिथं ट-ड करायची गरजच नाही. र खणखणीत. नामाला लिंग असतं आणि विशेषण त्याप्रमाणे बदलतं, याचा मराठी माणसाला धक्का कसला? आपल्याकडे तीन लिंगं, त्यांच्याकडे दोन. क्रियापदावरून कर्ता कळतो म्हणून 'मी', 'तू' गाळायचे, हीदेखील आपली रोजची सवय. 'मला आवडतं' हे वाक्य इंग्रजीतून शिकवताना मास्तरांना अर्धा तास लागतो. मराठीतून ते जसंच्या तसं बसतं, कारण तिकडेही आवडणारी वस्तूच कर्ता असते.

सगळ्यात मोठा आधार मला मिळाला तो विध्यर्थाचा. स्पॅनिशचा जो भाग इंग्रजीतून शिकणाऱ्यांना सगळ्यात अवघड वाटतो, तो आपण 'पाणी आत येऊ नये म्हणून', 'भिंत कोरडी राहावी म्हणून' असं म्हणताना सहज वापरतो. आणि स्पेसिफिकेशनच्या टिपा तर अशाच वाक्यांनी भरलेल्या असतात.

एके ठिकाणी मात्र मराठी मदत करत नाही. आपलं एक 'आहे' त्यांच्याकडे दोन क्रियापदांत वाटलेलं आहे. शेड मोठी आहे, तो तिचा गुण, तिथं एक. शेड आज रिकामी आहे, ती तिची अवस्था, तिथं दुसरं. नियम सोपा वाटतो, पण वस्तूची किंवा इमारतीची जागा सांगताना दुसरंच येतं. कारखाना कागलला आहे, हे सांगायलाही अवस्थेचंच क्रियापद, जरी तो कारखाना पायासकट तिथंच रुतलेला असला तरी. याला कारण शोधत बसू नये. पाठ करावं आणि पुढं जावं.

४. कुठल्या देशाची स्पॅनिश, ते ठरवा

वीसेक देशांत राजभाषा असलेली भाषा बांधकामावर सगळीकडे सारखी असणार नाही. काँक्रीटला स्पेन, अर्जेंटिना, उरुग्वेमध्ये 'ओर्मिगोन' म्हणतात. मेक्सिको आणि कोलंबियात 'कोंक्रेतो'. सेंट्रिंगला स्पेनमध्ये 'एन्कोफ्रादो', मेक्सिकोत 'सिंब्रा'. फाउंड्रीतल्या कोअरला तर स्पेन, मेक्सिको आणि अर्जेंटिनात तीन वेगळे शब्द आहेत. व्याकरण एकच ठेवून एका देशाचं बांधकाम पक्कं करावं. बाकीच्यांचे शब्द वहीत शेजारी लिहीत जावेत.

५. ज्याचं काम बघायचं त्याचं लेखनही वाचा

ही गोष्ट मला सर्वांत जवळची आहे, म्हणून थोडं सविस्तर.

आमच्या एमआयडीसीतली नव्वद टक्के बांधणी एकाच साच्याची, असं माझं नुसत्या डोळ्यांनी बांधलेलं अनुमान आहे : लोखंडी पोर्टल, वर रंगीत प्रोफाइल पत्रा, मध्ये मध्ये प्लास्टिकचा पारदर्शक पत्रा. भराभर उभी राहते आणि मालकाला परवडते. पण एप्रिल-मेमध्ये भट्टीशेजारी उभ्या असलेल्या माणसाला वरून पत्र्याची धग आणि समोरून ओतीव लोखंडाची, दोन्ही सोसावी लागते. जुलैत पत्र्यावरचा पाऊस इतका वाजतो की फोरमनला खुणांनी बोलावं लागतं. पारदर्शक पत्रे दोन वर्षांत फाउंड्रीच्या धुळीनं काळे पडतात आणि भरदिवसा दिवे लागतात.

एलादिओ दिएस्ते हे नाव मी कॉलेजात ऐकलं होतं, तेही एका चर्चच्या फोटोखाली. दिएस्ते उरुग्वेचे इंजिनिअर. जन्म १९१७ चा, मृत्यू २००० चा. अतलांतिदा गावातलं त्यांचं १९६० मध्ये पुरं झालेलं विटांचं चर्च २०२१ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. पण त्यांनी आयुष्यभर मुख्यतः बांधलं काय? गोदामं, कारखाने, धान्याची कोठारं, बस स्टँड. म्हणजे आमचंच काम. त्यांचा देश लहान. मोठ्या लोखंडी सांगाड्यांचा खर्च तिथं जड, पण वीट मुबलक आणि गवंडी चांगले.

त्यांनी शोधलेली युक्ती अशी. छताची कमान अशा आकाराची घ्यायची की तिचं स्वतःचं वजन फक्त दाबाच्या रूपात खाली उतरेल, वाकणं जवळजवळ नाहीच. मग विटेचा एकच थर पुरतो. विटांमधल्या सांध्यांत सळई, वर पातळ मसाला. पण इतकी पातळ कमान मोठ्या गाळ्यावर दबून लचकू शकते. म्हणून छत सपाट गुंडाळीसारखं न ठेवता त्याला आडव्या अंगानं लाटेसारखा चढ-उतार द्यायचा. त्या वळणातून त्याला ताठपणा येतो. दोन लाटांच्या मधल्या फटीत काच बसवायची, म्हणजे उजेड थेट डोळ्यांवर न पडता विटांवरून परतून आत येतो. सेंट्रिंग एकाच पट्ट्याचं करायचं आणि रुळांवरून पुढं सरकवत तेच पुन्हा पुन्हा वापरायचं. विटा भाजून पक्क्या झालेल्या असतात, ओला असतो तो फक्त सांध्यांतला मसाला, म्हणून साचा लवकर सुटतो. माँतेविदेओ बंदरावर आगीत छप्पर गेलेल्या एका जुन्या गोदामाच्या भिंती तशाच ठेवून त्यांनी १९७९ च्या सुमारास वर जे विटांचं छत घातलं, त्याचा गाळा पन्नास मीटरच्या आसपास आहे. मध्ये खांब नाही.

दिएस्तेंवर इंग्रजीत चांगलं पुस्तक आहे, स्टॅनफर्ड अँडरसन यांनी संपादित केलेलं, २००४ चं. फोटो आणि विश्लेषण दोन्ही उत्तम. तरी त्यांचे स्वतःचे लेख स्पॅनिशमध्ये वाचणं हा वेगळाच अनुभव होता. इंजिनिअर असून ते गवंड्याबद्दल, कामाच्या प्रतिष्ठेबद्दल, गरीब देशानं श्रीमंत देशाचे पत्रे आणि साचे आंधळेपणानं का आणू नयेत याबद्दल लिहितात. त्यांच्या लेखी काटकसर म्हणजे केवळ पैसे वाचवणं नव्हे. जगाच्या रचनेशी सुसंगत राहणं, हा त्यांचा विचार आहे. ती वाक्यं सरळ आहेत, छोटी आहेत. दुसरीच्या पुस्तकासारखी बोट ठेवून वाचली तरी कळतात. मी तशीच वाचली.

मग कागलला तसंच छत का घातलं नाही? कारण भाषेमुळे मला ते नीट समजलं, आणि समजलं म्हणूनच मर्यादाही दिसल्या. उरुग्वेत भूकंपाचा त्रास जवळजवळ नाही. आम्ही १९६७ चा कोयनेचा हादरा विसरू शकत नाही. आमच्या फाउंड्रीत डोक्यावरून क्रेन फिरते, तिला गर्डर लागतात, आणि एकदा लोखंड उभं केलं की पत्रा स्वस्त पडतो. आमच्या भट्टीच्या विटा मापाला एकसारख्या नसतात. हे सगळं मालकांपुढं मी प्रामाणिकपणे मांडलं. छत बदललं नाही, पण उजेडाचा विचार घेतला. छपराचे दोन भाग वेगवेगळ्या उंचीवर ठेवून मधल्या उभ्या पट्टीत उत्तरेकडे काच घेतली. उभी काच पावसानं धुतली जाते, आडव्या पारदर्शक पत्र्यासारखी काळी पडत नाही, आणि वरची गरम हवा तिथूनच बाहेर पडते. कोअर शॉपमधले दिवे आता पावसाळ्यातल्या काळोख्या दिवसांतच लागतात.

मेक्सिकोत काम केलेले फेलिक्स कांदेला यांनाही याच ओढीनं वाचावं. माद्रिदला जन्मलेला हा आर्किटेक्ट स्पेनमधल्या यादवी युद्धानंतर, १९३९ मध्ये, निर्वासित म्हणून मेक्सिकोत आला आणि काँक्रीटच्या पातळ छत्र्यांची कितीतरी गोदामं आणि कारखाने उभारून गेला. एका खांबावर एक छत्री, पाणी खांबातूनच खाली. आमच्या पावसाच्या मुलखात हा विचार आजही करून पाहण्यासारखा आहे.

६. शिकलेलं मिस्त्रींना सांगून पाहा

भाषेची खरी परीक्षा मिस्त्रींपुढे होते. एका कारखान्याच्या कँटीनवर छोटी विटांची कमान घालायची मालकांनी परवानगी दिली. गाळा लहान, वर क्रेन नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरांनी भूकंपाचा हिशोब तपासून दिलेला. आमचे मिस्त्री म्हणजे मामा. वय साठीच्या पुढं, निम्मं आयुष्य पाडावर गेलेलं. त्यांना 'कातेनारिया' समजावायचं होतं, म्हणजे सैल टांगलेल्या साखळीचा आकार.

शेडमध्ये चेनपुली पडली होती. तिची साखळी आम्ही प्लास्टर केलेल्या भिंतीवर दोन खिळ्यांना टांगली. मामांनी ती थोडी हलवली, थांबू दिली, मग कोळशानं तिच्या कडेनं रेघ ओढली. एकेक कडी खिळ्याकडून तळाकडे कशी ताणून बसते ते बोटानं दाबून पाहिलं. मी म्हटलं, "मामा, आता हीच रेघ उलटी धरा. साखळीत सगळा ताण आहे, उलटी केली की सगळा दाब." ते बराच वेळ रेघेकडं बघत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे वीट कुठंच वाकायला बघत न्हाई. दाबतीया नुसती. मग एक थर पुरंल की वो." बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया ग्युएल इथल्या चर्चसाठी अँतोनी गाउदींनी दोरे आणि छर्‍यांच्या पिशव्या टांगून हेच केलं होतं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी गाउदींचं नाव दोनदा म्हणून घेतलं.

पूर्व स्पेनमधल्या जुन्या पद्धतीत पातळ विटा झटपट घट्ट होणाऱ्या जिप्समनं चिकटवत, सेंट्रिंगशिवाय कमान घालतात. ल कॉर्बुझिए यांनी अहमदाबादच्या साराभाई निवासात याच घराण्याच्या कमानी वापरल्या. मामांना ही पद्धत आवडली, पण जिप्समला ओल चालत नाही आणि कोल्हापूरचा पाऊस सगळ्यांना माहीत. म्हणून आम्ही हलकं सेंट्रिंग करून सिमेंटच्या मसाल्यातच काम केलं. हा निर्णय मामांचा. मला त्यातले स्पॅनिश शब्द ठाऊक होते, त्यांना ओल ठाऊक होती.

७. तू आणि तुम्ही

मशीन बसवायला आलेला स्पॅनिश फिटर पहिल्या मिनिटापासून मला एकेरीत बोलू लागला. स्पेनमध्ये सहकाऱ्यांत तसंच चालतं. त्यात अनादर नाही. कोलंबियात, विशेषतः बोगोताकडे, जवळची माणसंसुद्धा आदरार्थी बोलतात. मेक्सिकोच्या साइटवर हुद्द्यानं हाक मारतात, आपण 'इंजिनिअरसाहेब' म्हणतो तशी. समोरचा काय वापरतो ते ऐकावं आणि पहिल्या भेटीत आदरार्थी बोलावं. मराठी माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही, फक्त आठवण करून द्यावी लागते.

८. आपला एक माणूस तिथं होऊन गेला

मराठी माणसाचा स्पॅनिशशी काय संबंध, असं कुणी म्हटलं की मी डॉ. पांडुरंग खानखोजे यांचं नाव घेते. वर्ध्याचे खानखोजे गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रजांच्या राज्यात परतणं शक्य नव्हतं. १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोत पोहोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले. मका आणि गव्हाच्या वाणांवर त्यांनी काम केलं, स्पॅनिशमध्ये शिकवलं, स्पॅनिशमध्ये लिहिलं, आणि शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा चालवल्या. त्या शाळांचे फोटो तिना मोदोत्ती या नामवंत छायाचित्रकार बाईंनी काढले. दिएगो रिवेरांनी मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रंगवलेल्या एका चित्रात भाकरी वाटून देणारा मधला माणूस म्हणजे खानखोजे. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले.

आर्किटेक्टनी तर त्यांच्यासाठी चापिंगो जरूर अभ्यासावं. खानखोजे जिथं शिकवत होते त्याच जुन्या हासिएंदातल्या, म्हणजे जमीनदारी वाड्यातल्या, चॅपेलच्या भिंती आणि छत रिवेरांनी १९२४ ते १९२७ मध्ये रंगवून काढलं. जुनी वास्तू नव्या कामाला कशी घ्यावी, याचं ते फार मोठं उदाहरण आहे. खानखोजेंकडे ना भाषेचं प्रमाणपत्र होतं, ना कुणी पाठवलेलं पत्र. त्यांच्याकडे शेतीचं ज्ञान होतं, आणि ते ज्यांना द्यायचं होतं त्यांची भाषा त्यांनी आत्मसात केली. एवढ्यावर एका परक्या देशानं त्यांना आपलं मानलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

९. कागदपत्रांचं स्पष्ट बोलणं

परदेशी जायचंच असेल तर काही गोष्टी आधी माहीत असाव्यात. स्पेनच्या वतीनं इन्स्तितूतो सेर्वांतेस 'देले' ही परीक्षा घेते. ए१ पासून सी२ पर्यंत सहा पायऱ्या, आणि प्रमाणपत्राला मुदत नसते. संस्थेचं केंद्र दिल्लीत आहे. स्पॅनिशमधून शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सना बहुधा बी२ मागतात. इंग्रजीतून चालणारे कोर्सही आहेत, विशेषतः बार्सिलोनात, पण त्यावर विसंबून भाषा टाळू नये. कॉलेज इंग्रजीत निभावेल. गवंडी, नगरपालिका आणि शेजारी इंग्रजीत निभावणार नाहीत. बार्सिलोनात तर कातालानही कानावर पडते आणि सरकारी कागदांवर असते.

आपलं काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं रजिस्ट्रेशन १९७२ च्या कायद्यानं मिळतं आणि भारतातच चालतं. स्पेनमध्ये स्वतःच्या सहीनं ड्रॉइंग द्यायचं तर तिथल्या मंत्रालयाकडून पदवीची समकक्षता मिळवावी लागते आणि आर्किटेक्टांच्या कोलेखिओत, म्हणजे व्यावसायिक संघटनेत, नाव नोंदवावं लागतं. याला वेळ लागतो. तोवर एखाद्या स्टुडिओत हाताखाली काम करता येतं. हे घरच्यांना आधीच सांगावं, कर्ज काढण्याआधी.

आणि ज्यांना जायचं नाही त्यांनी कमीपणा मानू नये. मशीनचे सप्लायर, निर्यातीचे ऑडिट, परदेशी तंत्रज्ञ, या सगळ्यांमुळे कागलसारख्या ठिकाणी ड्रॉइंग वाचून समजावणाऱ्या माणसाची किंमत असते. माझ्या ऑफिसला आलेली निदान काही कामं तरी त्या एका फाउंडेशन ड्रॉइंगमुळे आली आहेत.

१०. खोल्या

शेडच्या पलीकडे खोल्या आहेत. एमआयडीसीत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले कामगार कसबा सांगाव आणि आसपासच्या गावांत भाड्यानं राहतात. एका खोलीत पाच-सहा जण, शिफ्टप्रमाणे आळीपाळीनं झोपणारे. संडास बाहेर, एकच. गावातली माणसं घरामागं रिकाम्या जागेत पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा काढतात, कारण पैसे तेवढेच असतात.

इथं मला चिलीचे आर्किटेक्ट आलेखांद्रो आरावेना यांचा उपयोग झाला. इकिके शहरात २००४ मध्ये त्यांच्या एलेमेंताल या गटानं सुमारे शंभर कुटुंबांसाठी घरं बांधली. सरकारी मदत एका कुटुंबामागे साडेसात हजार डॉलर, त्यातच जमीन आणि बांधकाम. त्यात पूर्ण घर होत नव्हतं. म्हणून त्यांनी छोटं पूर्ण घर बांधण्याऐवजी चांगल्या घराचं अर्धं बांधलं : सांगाडा, सामाईक भिंती, जिना, स्वयंपाकघर, न्हाणीघर. म्हणजे कुटुंबाला पुढं स्वतःहून नीट बांधता येणार नाही, तेवढंच आधी. बाकीची मोकळी जागा त्यांनी पैसे येतील तशी भरून घ्यायची. छत्तीसेक चौरस मीटरचं घर जवळजवळ दुप्पट होऊ शकतं. २०१६ साली त्यांना प्रिट्झकर पारितोषिक मिळालं आणि त्याच वर्षी गटानं आपल्या चार प्रकल्पांची ड्रॉइंग सगळ्यांना मोफत खुली केली.

ती ड्रॉइंग मी उघडली तेव्हा टिपा वाचायला कुणाची मदत लागली नाही. कसबा सांगावातल्या एका घरमालकांना मी ती दाखवली. त्यांना आठ खोल्या काढायच्या होत्या. मी सुचवलं, चार काढा, पण पाया दोन मजल्यांचा, जिना आत्ताच, आणि संडास-न्हाणी प्रत्येक खोलीला आतून. भाडं जास्त मिळेल, वरच्या चार पुढच्या वर्षी. ते म्हणाले, "ताई, जिन्याचं पटतंय. पण संडास दोघांत एक केला तर चालंल न्हवं?" मी त्यांना ड्रेनेजचा आणि पाण्याचा खर्च दोन्ही बाजूंनी मांडून दिला आहे. फरक त्यांना वाटला होता त्याहून कमी निघाला. त्यांचा मुलगा आणि ते या रविवारी पुन्हा येणार आहेत, गवंड्याला घेऊन.